वितळलेल्या प्लास्टिकातील पाषाणचूर्ण

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, खंबाळपाड्यापासून सोनारपाड्यापर्यंत पसरलेल्या लहानमोठ्या गाळ्यांच्या दारांत, ज्या पंचवीस किलोंच्या गोण्या हमालांच्या पाठीवरून रोज उतरतात, त्यांतील पुष्कळ गोण्यांच्या पोटी निव्वळ प्लास्टिक नसते. राजस्थानातून आलेल्या संगमरवराची किंवा शंखजिऱ्याची पूड त्या दाण्यांत इतकी एकजीव झालेली असते, की दाणा बोटांत धरून कितीही निरखला तरी दगड कोठे संपला आणि प्लास्टिक कोठे सुरू झाले हे डोळ्यांना उमगत नाही. आपल्या सह्याद्रीत दगडाला तोटा नाही, परंतु तो काळा बसाल्ट. त्यातील लोहामुळे पांढरी खुर्ची किंवा पांढरा डबा घडविण्याच्या कामी त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून कल्याण तालुक्यातील कारखानदाराला पांढऱ्या पुडीसाठी थेट उदयपूरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. या पुडीला बाजारात 'फिलर' म्हणतात आणि परिभाषेत 'भरणद्रव्य'. हे भरणद्रव्य मिसळले असता वितळलेल्या प्लास्टिकची, म्हणजे त्याच्या रसाची, वाहण्याची चाल कशी पालटते, हा या प्रकरणाचा विषय होय.

भरणद्रव्याकडे भेसळ म्हणून पाहण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही, कारण दुधात पाणी घालणारा आणि खुर्चीत वाजवीपेक्षा अधिक खडू घालणारा यांची वृत्ती एकच असते. तथापि, ज्या लाखेच्या तबकड्यांवर बालगंधर्वांचे गाणे घरोघर पोहोचले, त्या तबकड्यांत लाखेपेक्षा खनिज पूडच अधिक असे आणि ती केवळ पैसे वाचविण्यासाठी घातलेली नसे. पोलादी सुईच्या भाराखाली खाच टिकावी आणि सुईचे टोकही खाचेच्या आकाराबरहुकूम घासले जावे, हा तिचा मुख्य हेतू होता. प्लास्टिकच्या बाबतीतही तेच आहे. शंखजिऱ्याने पॉलिप्रॉपिलीन ताठ होते आणि उष्णतेत कमी वाकते. खडूच्या, म्हणजे त्या संगमरवराच्याच, पुडीने ते साच्यात थंड होताना कमी आक्रसते. अभ्रकाचा, चिनी मातीचा, बराइटचा आपापला गुण आहे. किंमत उतरते हे खरे, पण तोच एक लाभ मानणे हा कोत्या दृष्टीचा हिशेब झाला.

ठाणे जिल्ह्याचा आणि प्लास्टिकचा संबंध तसा फार पुराणा नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर ही नावे त्याच दशकात त्या दप्तरी चढली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ च्या सुमारास मफतलाल आणि शेल यांच्या भागीदारीतील नोसिलचा नाफ्त्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या शेजारी पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने हेक्स्टच्या तंत्रसाहाय्याने घन पॉलिथिलीन काढावयास आरंभ केला. कच्चा माल असा घराजवळ मिळू लागल्यावर बादल्या, डबे, वायरींची वेष्टणे, पंख्यांचे सुटे भाग घडविणारे गाळे या टापूत निघावेत यात नवल नाही. त्यांच्या पाठोपाठ दाण्यात पूड मिसळून देणारे आले. आणि ज्या दिवशी मिसळलेला दाणा पहिल्याने कोणाच्या यंत्रात ओतला गेला असेल, त्याच दिवशी "माल पळत नाही" ही तक्रारही जन्माला आली असली पाहिजे.

माल पळतो की नाही हे ठरविण्याची जी सर्वमान्य चाचणी आहे, तिला 'मेल्ट फ्लो इंडेक्स' म्हणतात आणि बोलताना सगळे 'एमएफआय' म्हणतात. हे यंत्र टेबलावर मावेल एवढे असते. त्यात ९.५५ मिलिमीटर व्यासाचे पोलादी नळकांडे उभे असते, त्याच्या तळाशी २.०९५ मिलिमीटर व्यासाचे आणि ८ मिलिमीटर लांबीचे छिद्र असलेली एक गुटिका बसविलेली असते, आणि सभोवार तापविण्याची सोय असते. पॉलिप्रॉपिलीन असेल तर २३० अंश सेल्सिअस, पॉलिथिलीन असेल तर १९० अंश. पाच-सहा ग्रॅम दाणे नरसाळ्यातून आत सोडून, हवा राहू नये म्हणून सळईने ते लगोलग ठासावयाचे, वर दट्ट्या ठेवावयाचा, काही मिनिटे माल पुरता तापू द्यावयाचा आणि मग दट्ट्यावर वजन चढवावयाचे. दट्ट्यासकट ते २.१६ किलो भरले पाहिजे. छिद्रातून शेवयीसारखी तार उतरू लागली की ठरलेल्या मुदतीने ती पात्याने कापीत जावे. तुकड्यात बुडबुडा दिसला तर तो टाकून द्यावा. निर्दोष तुकडे थंड झाल्यावर नाजूक तराजूत तोलावेत. अर्ध्या मिनिटाचा तुकडा ०.६ ग्रॅम भरला तर दहा मिनिटांचे १२ ग्रॅम झाले. त्या मालाचा एमएफआय १२. आकडा जितका मोठा तितका रस पातळ. सगळे संपल्यावर, नळकांडे गरम आहे तोवरच, सुती चिंधी सळईला गुंडाळून ते आतून आरशासारखे पुसून काढावयाचे. या शेवटच्या कामात जो आळस करतो त्याच्या पुढच्या आकड्यावर विसंबू नये.

भरणद्रव्याचा माल तपासणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. पूड छिद्राला घासत असते. शंखजिरे मऊ, नखाने कोरता येईल असे. खडूचा दगड त्याहून कठीण. पण पुडीत गारगोटीचा अंश असेल तर तो पोलादालाही सोडत नाही. छिद्राचा व्यास शेकड्यात एका अंशाने, म्हणजे अवघ्या दोन शतांश मिलिमीटरने, वाढला तरी त्यातून जाणारा रस किमान चार टक्क्यांनी वाढतो, कारण प्रवाह हा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे किंवा त्याहूनही अधिक वेगाने चढतो. म्हणून गुटिका टंगस्टन कार्बाइडची घ्यावी आणि तिचे छिद्र वेळोवेळी मापकाने तपासावे. पुष्कळ ठिकाणी ती वर्षानुवर्षे तशीच असते, आणि माल बदलला म्हणून पुरवठादाराच्या नावाने खडे फोडले जातात.

आता रसात कण शिरला म्हणजे नेमके काय होते? निव्वळ रस वाहताना त्याचे थर एकमेकांवरून घसरत जातात. मध्येच कठीण कण आला की तो स्वतः वाकत नाही, ताणला जात नाही. त्याला वळसा घालून जाताना भोवतालच्या रसाला अधिक घसरावे लागते आणि या अधिक घसरणीची किंमत दाबाच्या रूपाने मोजावी लागते. रसाच्या या प्रतिकाराला श्यानता म्हणतात. कणांमुळे श्यानता किती वाढते याचे पहिले गणित मांडले ते आइन्स्टाइन यांनी, आणि तेही भलत्याच कामासाठी. साखरेच्या रेणूचा आकार किती असावा हा १९०५ सालच्या त्यांच्या झुरिकच्या प्रबंधाचा विषय होता, आणि त्याच्या अनुषंगाने त्यांनी द्रवातील गोल कणांचा विचार केला होता. प्रबंध १९०६ साली छापून आला, त्यात श्यानतेच्या वाढीचा गुणक १ होता. पॅरिसमध्ये पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बँसलाँ यांनी प्रत्यक्ष मोजणी केली तो आकडा बराच मोठा निघाला. तेव्हा आइन्स्टाइन यांनी आपले सहकारी होप्फ यांस गणित पुन्हा तपासावयास सांगितले, चूक हाती लागली, आणि १९११ साली दुरुस्ती प्रसिद्ध झाली: शंभर घनफळात एक घनफळ गोल कण असतील तर श्यानता अडीच टक्क्यांनी वाढते. त्या गणितात कणाचा आकार लहान की मोठा याला काही स्थान नाही, तो दगडाचा की काचेचा यालाही नाही. स्थान आहे ते एकट्या घनफळाला.

आणि नेमका येथेच व्यवहारातला पहिला घोटाळा होतो, कारण माल वजनाने विकत घेतला जातो आणि साचा घनफळाने भरतो. पायलीभर पोहे आणि पायलीभर तांदूळ वजनात सारखे उतरत नाहीत, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पण 'चाळीस टक्के फिलर' हे शब्द ऐकताच चांगले शिकलेले लोकही रसात जवळजवळ निम्मा दगड आहे असे समजून चालतात. हिशेब करून पाहावा. खडूच्या दगडाची घनता २.७, पॉलिप्रॉपिलीनची ०.९०५. चाळीस किलो पूड १४.८ लिटर जागा घेते, साठ किलो पॉलिप्रॉपिलीन ६६.३ लिटर घेते. म्हणजे दगडाचा वाटा एकूण जागेच्या अवघा १८ टक्के. आणि २३० अंशांवर प्लास्टिक फुगून त्याची घनता ०.७४ च्या आसपास येत असल्यामुळे, रसाच्या अवस्थेत तो वाटा आणखी उतरून १५ टक्क्यांवर येतो. हाच हिशेब मालकाच्या गल्ल्यालाही लागू आहे. एक लिटर घनफळाच्या वस्तूला निव्वळ पॉलिप्रॉपिलीन ९०५ ग्रॅम लागते. चाळीस टक्क्यांच्या मिश्रणाचे तीच वस्तू भरावयास १,२३३ ग्रॅम लागतात, त्यांत पॉलिप्रॉपिलीन ७४० ग्रॅम. वाचले ते अठरा टक्के, चाळीस नव्हे. नगावर विकणाऱ्याने हे ध्यानात धरले नाही तर दर किलोमागे दिसणारी स्वस्ताई दर नगामागे बरीचशी आटून जाते.

रसातील १५ टक्के घनफळाला आइन्स्टाइनचा अडीचचा गुणक लावला तर श्यानता १.४ पटीच्या जवळपास येते. परंतु तो गुणक विरळ कणांसाठी आहे. कण दाट झाले की एकाने हलविलेला रस दुसऱ्याला अडवतो आणि वाढ सरळ रेषेत न राहता चढत्या कमानीने होते. दाटपणाला शेवटी एक मर्यादाही आहे. सारख्या आकाराचे गोल कण वेडेवाकडे ठासून भरले तर ते जागेच्या सुमारे ६४ टक्के व्यापतात, त्यापलीकडे वाट उरत नाही आणि मिश्रण वाहणेच थांबते. १९५९ साली क्रीगर आणि डोहर्टी यांनी या मर्यादेला धरून जे सूत्र दिले त्याप्रमाणे आपल्या उदाहरणातली श्यानता दीडपटीहून किंचित अधिक, म्हणजे १.५५ पट, होते. बाजारात ऐंशी टक्के खडूचा 'फिलर मास्टरबॅच' मिळतो. पॉलिथिलीनमध्ये कालवलेल्या या मालात रसाच्या अवस्थेत दगडाचे घनफळ ५३ टक्क्यांच्या घरात असते. तो त्या मर्यादेच्या उंबरठ्यावरच उभा असतो, म्हणून तो अतिशय पातळ जातीच्या पॉलिथिलीनमध्ये, मेणाच्या साहाय्याने, आणि लहानमोठे कण हिशेबाने मिसळून बनवावा लागतो. मोठ्या कणांच्या फटींत लहान कण बसले की तेवढ्याच दगडाला जागा कमी पुरते आणि उरलेला रस मोकळा वाहतो.

आता मालासोबत येणाऱ्या दाखल्यावरच्या आकड्याची गंमत पाहावी. मूळ पॉलिप्रॉपिलीनचा एमएफआय १२ ग्रॅम होता, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे १६ घनसेंटिमीटर रस खाली येत होता. श्यानता १.५५ पट झाली, म्हणून आता साडेदहा घनसेंटिमीटरच येईल. प्रवाह तिसऱ्या हिश्शाने घटला. पण हा रस दगडामुळे जड झाला आहे. त्याची घनता ०.७४ वरून १.०४ वर गेली आहे, तेव्हा साडेदहा घनसेंटिमीटरांचे वजन भरते ११ ग्रॅम. तराजू म्हणतो १२ चे ११ झाले, फारसे काही बिघडले नाही. प्रत्यक्षात रसाची चाल एक तृतीयांशाने मंदावली आहे. ही लबाडी कोणी केलेली नाही, ग्रॅमच्या मापानेच ती केली आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकात दहा मिनिटांतील घनसेंटिमीटर मोजण्याची पद्धतही शेजारीच दिलेली आहे. तिचा उपयोग आमच्या गाळ्यांतून जेवढा व्हावा तेवढा होत नाही, आणि भरणद्रव्याच्या मालाला तरी तो सक्तीचा व्हावा असे मला वाटते.

वरचा सारा हिशेब गुळगुळीत गोल कणांचा. खऱ्या पुडीचे कण तसे वागत नाहीत. खडूचा दगड फुटला की ओबडधोबड, पण साधारण सर्व बाजूंनी सारखे तुकडे पडतात, म्हणून तो गोलाच्या त्यातल्या त्यात जवळचा. शंखजिऱ्याचे मात्र पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे रसात आडवेतिडवे फिरू लागले की आपल्या घनफळाच्या मानाने पुष्कळ मोठ्या जागेत अडथळा करतात. त्यामुळे तेवढ्याच टक्क्यांत शंखजिरे खडूपेक्षा रसाला अधिक जड करते. प्रवाह वेगाचा झाला की पापुद्रे आपापली पाठ प्रवाहाला लावून पडतात आणि अडथळा कमी होतो. वस्तू थंड झाल्यावर ते तसेच पडून राहतात. म्हणूनच शंखजिऱ्याचा भाग प्रवाहाच्या दिशेने एक आक्रसतो आणि आडव्या दिशेने दुसरे, आणि पातळ सपाट झाकण साच्यातून सरळ निघून टेबलावर वाकडे होते. काचतंतूंची तऱ्हा याच मार्गावर आणखी पुढे गेलेली असते.

आइन्स्टाइनच्या गणितात कण लहान की मोठा याला स्थान नव्हते, व्यवहारात आहे. एक किलो दगडाची पूड जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग अधिक. आणि दगडाच्या उघड्या पृष्ठभागाला पॉलिप्रॉपिलीनचे मुळीच प्रेम नसते, त्याला दुसरा दगडच जवळचा वाटतो. अतिशय बारीक कण म्हणून गठ्ठे करून राहतात, गठ्ठ्याच्या पोकळीत थोडा रस अडकून बसतो आणि जणू तोही दगडच असल्यासारखा वागतो. गठ्ठे एकमेकांना लागून जाळे झाले तर हलक्या दाबाखाली रस हलतच नाही. जाळे मोडण्याइतका दाब आल्यावर मगच सुटतो. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: पुडीला शेकडा एकच्या आसपास स्टिअरिक आम्ल चोळावयाचे. या आम्लाचे एक टोक खडूच्या पृष्ठभागाला धरते आणि लांब शेपटी बाहेर राहते, ती प्लास्टिकसारखीच असल्यामुळे रसात सुखाने मिसळते. गठ्ठे सुटतात, रस हलका होतो. बाजारात अशा पुडीला 'कोटेड' म्हणतात. एकाच टक्क्याच्या दोन मिश्रणांचा एमएफआय भिन्न आला तर पहिला संशय या लेपावर घ्यावा, दगडावर नंतर.

तरीही सर्वांत मोठा गैरसमज आहे तो चाचणीतील आणि यंत्रातील प्रवाहाच्या गतीविषयी. २.१६ किलोंचे वजन त्या दट्ट्यावर जेमतेम तीन वातावरणांचा दाब आणते. इंजेक्शनच्या यंत्रात तो शेकडो वातावरणांचा असतो. १२ च्या आसपासच्या एमएफआयच्या रसाचे थर चाचणीत सेकंदाला पंचवीस-तीसच्या मानाने घसरतात, साच्याच्या अरुंद मुखाशी तेच मान कित्येक हजारांवर जाते. पण आकड्यांतल्या या तफावतीपेक्षाही प्रश्न विचारण्याची रीतच दोन ठिकाणी उलट आहे, हे अधिक महत्त्वाचे. चाचणीत वजन ठरलेले असते आणि रस किती आला ते पाहावयाचे. यंत्रात स्क्रू पुढे सरकण्याची गती ठरलेली असते आणि दाब किती लागला ते पाहावयाचे. पॉलिप्रॉपिलीनचा रस पाण्यासारखा सरळमार्गी नाही; तो जितका वेगाने रेटावा तितका पातळ होत जातो, कारण गुंतलेल्या लांब साखळ्या प्रवाहात सुटून सरळ होतात. साच्यातील गतींना त्याची चाल दुप्पट करावयास दाब दुप्पट लागत नाही, सव्वापटीच्या किंचित वर पुरतो. तेव्हा ठरलेल्या वजनाखाली ज्याचा प्रवाह तिसऱ्या हिश्शाने घटला, त्याच मिश्रणाला ठरलेल्या गतीने ढकलावयास दाब सहाव्या हिश्शानेच वाढवावा लागतो. ग्रॅमचे माप जे झाकून ठेवते ते घनसेंटिमीटर उघडे करतात, आणि घनसेंटिमीटर जी धास्ती घालतात ती यंत्र बरीचशी दूर करते. या दोन उलट दिशांच्या भ्रमांत सापडून फोरमन कधी चांगला माल परत पाठवतो आणि कधी वाईट माल ठेवून घेतो.

एमएफआयच्या एका आकड्यावरून रसाची संपूर्ण वर्तणूक काढता येईल काय, हा प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या वर्षांत चांगला लावून धरला गेला. ए. व्ही. शेणॉय, डी. आर. सैनी आणि व्ही. एम. नाडकर्णी या तिघांनी असे दाखविले, की एकाच जातीच्या प्लास्टिकच्या निरनिराळ्या प्रतींचे आलेख, श्यानतेला एमएफआयने गुणून आणि गतीला एमएफआयने भागून काढले, तर ते सगळे एकाच वक्रावर येऊन बसतात. तो मूळ वक्र एकदा हाती असला की पुढे गाळ्यातल्या साध्या यंत्राचा एक आकडा घेऊन साच्यातील गतींची श्यानता अंदाजता येते. त्यासाठी केशनलिकेचे महागडे यंत्र प्रत्येकाने घ्यावयास नको. १९८३ साली त्यांनी हीच पद्धत भरणद्रव्ययुक्त रसांना लावून दाखविली, आणि पुढे शेणॉय यांनी १९९९ साली या विषयावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. ज्या देशात लहान कारखानदाराजवळ एकच चाचणी करण्याची ऐपत होती, त्या देशातील प्रयोगशाळेला ही युक्ती सुचावी हे मला योगायोगाचे वाटत नाही. मात्र फार मंद गतीला, जेथे कणांचे जाळे जमते, तेथे एका आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आता उलट प्रकार. पूड घालूनही एमएफआय वाढलेला दिसला, तर हर्ष मानण्याची घाई करू नये. लेपातील जादा आम्ल किंवा मास्टरबॅचमधील मेण रसाला निसरडे करीत असेल, ते एक वेळ क्षम्य. परंतु पुडीत लोहाचा अंश असेल तर तो तप्त पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटण्यास हातभार लावतो. शंखजिऱ्याचा पृष्ठभाग तर प्लास्टिकच्या रक्षणासाठी घातलेली औषधेच स्वतःकडे ओढून घेतो. दोन स्क्रूंच्या यंत्रात मिश्रण वाजवीहून जास्त घुसळले गेले तरी साखळ्या तुटतात. तुटक्या साखळ्यांचा रस पातळ वाहतो आणि वस्तू ठिसूळ निघते. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांत तर पाणीच साखळ्या तोडते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी ओली असते, की खाडीकाठच्या या गावांत तोंड उघडे ठेवलेली पुडीची गोणी रात्रीतून ओल धरते. दुसऱ्या दिवशी पॉलिप्रॉपिलीनच्या मालावर रुपेरी ओघळ उठतात आणि तारेत बुडबुडे येतात, ते लपत नाहीत. पण नायलॉनचा एमएफआय गुपचूप चढतो आणि तो चढलेला आकडा पाहून माल 'छान पळतो' असा शेरा मारला जातो.

पूड खरोखर किती घातली आहे याची खातरजमा राखेवरून होते. मुशीत दाणे जाळले की प्लास्टिक उडून जाते आणि दगड उरतो. यात एक खाचखळगा आहे. भट्टी ६०० अंशांच्या आत ठेवली तर खडू खडूच राहतो. ९०० अंशांवर नेली तर तो भाजून चुना होतो आणि १०० भागांचे ५६ भागच उरतात. म्हणजे ४० टक्क्यांचा प्रामाणिक माल २२ टक्क्यांचा दिसतो, आणि ज्याने सत्तरचा माल ४० म्हणून खपविला असेल तो बिनदिक्कत सुटतो. दाखल्यावर राखेचा आकडा असतो, भट्टीचे तापमान सहसा नसते.

शेवटी थंड होण्याविषयी दोन शब्द. दगड उष्णता प्लास्टिकपेक्षा कितीतरी पटींनी लवकर वाहून नेतो आणि वजनाच्या मानाने साठवतो कमी. त्यामुळे भरणद्रव्याचा माल साच्यात लवकर गोठतो. जाड वस्तूला हे वरदान, कारण प्रत्येक नगामागे काही सेकंद वाचतात. पातळ भिंतीच्या डब्याला मात्र हाच शाप ठरतो. रस अर्ध्या वाटेत गोठतो, कडा अपुरी राहते, आणि "माल शॉर्ट येतो, एमएफआय कमी असणार" असा निकाल दिला जातो, जेव्हा दोष श्यानतेचा नसून गोठण्याचा असतो आणि साचा थोडा गरम केला किंवा भरण्याची गती वाढविली तर तो मिटतो.

म्हणून गाळ्यात गोणी उतरवून घेणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे, की दाखल्यावरचा ग्रॅमचा एक आकडा पाहून थांबू नये; राख कोणत्या तापमानाला काढली ते विचारावे, पूड कोटेड आहे की कोरी ते विचारावे, प्रवाह घनसेंटिमीटरमध्ये मागावा, आणि तो २.१६ किलोंवर एकदा व ५ किलोंवर एकदा असा दोनदा मागावा. निव्वळ प्लास्टिकच्या मानाने या दोन आकड्यांचे गुणोत्तर बरेच मोठे निघाले तर पुडीचे गठ्ठे फुटलेले नाहीत असा संशय धरण्यास हरकत नाही. दुसरी चाचणी त्याच यंत्रावर, त्याच मालाच्या आणखी पाच-सहा ग्रॅमांत होते. तिला लागते ते फक्त एक जादा वजन.